ऐंशीच्या दशकातली बेसबॉल कार्डं घेताय? आधी साल बघा

या नादाला लागलात, फार छान वाटलं! फक्त 'जुनं म्हणजे महाग' हे आधी डोक्यातून काढा. साधारण 1987 ते 1991 या काळात अमेरिकेतल्या कंपन्यांनी ही खेळाडूंच्या फोटोंची कार्डं इतकी भरमसाट छापली की त्यांच्या न फोडलेल्या पेट्या आजही मिळतात. अपर डेक कंपनीच्या 1989 च्या सेटमधलं पहिलंच कार्ड, खेळाडू केन ग्रिफी ज्युनियरचं, जरूर घ्या, देखणं आहे. पण दुर्मीळ नाही. त्याचा खरा भाव पीएसएची (कार्डं तपासून दर्जा ठरवणारी कंपनी) 10 ही सर्वोच्च ग्रेड मिळालेल्या प्रतीलाच.

मी तुमच्या जागी असतो तर दशकाच्या सुरुवातीकडे वळलो असतो. टॉप्स कंपनीचं 1980 चं रिकी हेंडरसनचं कार्ड घ्या. ते त्याचं रुकी कार्ड, म्हणजे नवखेपणीचं पहिलं कार्ड. छपाई बरेचदा सरकलेली असते, एका बाजूची पांढरी कड जाड, दुसरी बारीक. चारही कडा सारख्या आणि कोपरे टोकदार असलेली प्रत क्वचितच दिसते, म्हणून तिची किंमत कुठल्या कुठे जाते. कॅल रिपकेन ज्युनियरचं मात्र 1982 चं टॉप्स ट्रेडेडच (टॉप्सचा हंगामाच्या शेवटी निघणारा पुरवणी सेट) बघा, तिथे तो एकटा आहे. त्याच वर्षीच्या नेहमीच्या सेटमध्ये तो आणखी दोघांबरोबर एकाच कार्डावर आहे.

घेताना कार्ड दिव्याखाली तिरकं धरा, बारीक घडी लगेच दिसते. फ्लीअर कंपनीच्या 1984 च्या 'अपडेट' या पुरवणी सेटमधल्या रॉजर क्लेमेन्सच्या कार्डाच्या नकला फिरतात, ते ग्रेड केलेलंच घ्या. आणि कार्डांना रबरबँड कधीच लावू नका! आधी मऊ प्लास्टिकची स्लीव्ह, मग टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट.