ताप आहे, पण सर्दी नाही (नव्या आशाताईसाठी)

पोरी, मे महिन्यात लेकरू लघवी करताना रडलं की घरचे म्हणतील, ‘उन्हाळी लागली’, आणि धने-जिऱ्याचं पाणी पाजतील. पाजू दे. पण सोबत ताप, उलट्या असतील तर लघवीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो; त्या पाण्यावर दोन दिवस काढू देऊ नको. तान्हं लेकरू जळजळ सांगणार कसं? नुसता ताप, किरकिर, दूध कमी. सर्दी-खोकला नाही अन् ताप आहे, की लघवी तपासायला लाव. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर थेट दवाखाना.

नमुना अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधीच घ्यायचा. जागा धुऊन, पहिली धार सोडून मधल्या धारेचा. मी पहिल्या वर्षी इथंच फसले. बाटली पिशवीत, अन् मी उन्हात एसटीची वाट पाहत दोन तास! तेवढ्यात बाटलीतच जंतू वाढतात, रिपोर्ट भलताच येतो. तासाभरात पोचत नसेल तर बर्फाच्या डब्यात ठेव.

संडासचंही विचार, लाजू नको बाप्पा. पोट साफ नसेल तर पोटातली लघवीची पिशवी नीट रिकामी होत नाही, अन् साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. शाळेतलं संडास घाण म्हणून पोरी दिवसभर दाबून धरतात, पाणीही पीत नाहीत. आईला हे ठाऊकच नसतं. पोरीलाच बाजूला घेऊन विचार.