'वेर्डन'मधला 'ड' व्हर्नरचा नव्हे

प्रश्न असा आहे: जर्मन 'वेर्डन' (होणे) आणि संस्कृत 'वृत्' एकाच मुळाचे, तर 'त'चा 'ड' व्हर्नरच्या नियमाने (शब्दातल्या आघाताच्या जागेवरून व्यंजन बदलण्याचा नियम) झाला का? मूळ एकच, हे बरोबर. पण या रूपातला 'ड' व्हर्नरचा नाही.

आद्य भारोपीय (संस्कृत, लॅटिन, जर्मन वगैरे भाषांची कल्पिलेली मूळ भाषा) '*वेर्त्-' म्हणजे वळणे, फिरणे; तारा हे अनुमानित रूपाचं चिन्ह. जर्मन, इंग्रजी वगैरेंच्या जर्मानिक शाखेत ग्रिमच्या नियमाने (त्या शाखेतला व्यंजनांचा ठरावीक बदल) 'त'चा 'थ' झाला. हा इंग्रजी 'थिंक'मधला घर्षक, आपला महाप्राण नव्हे. मग व्हर्नर. उदात्त (शब्दातला मुख्य आघात) लगेच आधीच्या स्वरावर असेल तर 'थ' टिकतो, नसेल तर तो घोष होतो आणि पुढे 'ड' बनतो. त्यानंतर आघात पहिल्या अक्षरावर कायमचा बसला, म्हणजे परिणाम उरला आणि कारण पुसलं गेलं. ते कारण वैदिक भाषेत शाबूत आहे: 'वृत्'च्या भूतकाळी एकवचनी 'ववर्त'मध्ये उदात्त धातूवर, अनेकवचनी 'ववृतिम'मध्ये शेवटी. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नरने १८७५मध्ये लिहिलेल्या लेखात हाच मेळ दाखवला. म्हणून आद्य जर्मानिक रूपं अशी मांडतात: मूळ क्रियापद *वेर्थनँ, भूतकाळी एकवचनी *वर्थ, पण अनेकवचनी *वुर्डुन आणि कृदन्त *वुर्डनझ. ('वुर्' कुठून आला? ऋ स्वराचा तिकडे 'उर' होतो.)

साक्षीदार निवडताना घोळ होतो. गॉथिक ही लिखित पुरावा असलेली जर्मानिक भाषांतली सर्वांत जुनी म्हणून लोक तिथे धावतात, पण तिने सादृश्याने (एका रूपावरून दुसरं तसंच करून) चारही रूपांत 'थ' करून टाकला. जुनी इंग्रजी घ्या: वेऑर्थन, वेआर्थ, वुर्डॉन, वॉर्डेन. फरक जसाच्या तसा.

जर्मनमध्ये नंतर आणखी एक फेरबदल झाला: प्रत्येक 'थ'चा 'ड', आणि आधीच्या 'ड'चा 'ट'. त्यामुळे जुन्या उच्च जर्मनमध्ये 'वेर्डन', पण अनेकवचनी भूतकाळ 'वुर्टुन'. व्हर्नरचा माग त्या 'ट'मध्ये होता! पुढे तोही सपाट होऊन सगळीकडे 'ड' आला. थोडक्यात, आधुनिक जर्मन रूपावरून व्हर्नर ना सिद्ध होतो, ना खोडता येतो.

अर्थाचं म्हणाल तर लॅटिन 'व्हेर्तेरे' वळण्यावरच राहिलं, जर्मानिकमध्ये 'वळून अमुक होणे' यातून 'होणे' आलं, आणि संस्कृत 'वर्तते' तर थेट 'आहे'पर्यंत पोचलं, 'वर्तमान' त्यातलाच. जर्मन आणि डचमध्ये या क्रियापदावर कर्मणी प्रयोग उभा आहे, आइसलँडिकमध्ये 'वेर्दा' रोजच्या वापरात आहे. स्वीडिशमध्ये त्याची जागा मध्य-निम्न जर्मनमधून आलेल्या 'ब्ली'ने घेतली. इंग्रजीत ते 'वो वर्थ द डे' अशा जुन्या शापवाक्यात तेवढं सापडतं; तिथला 'वर्थ' म्हणजे 'होवो', मोल या अर्थाचा 'वर्थ' हा वेगळा शब्द.