वाचकांचे प्रश्न : दरोडा फसतो तो नेमका कुठे?

प्रश्न : रॉबर्ट वाइज यांचा १९५९चा 'ऑड्स अगेन्स्ट टुमारो' वंशभेदावरचा सिनेमा म्हणून ओळखला जातो. पण त्यात ना भाषण, ना मोर्चा. आहे तो बँकेवरचा दरोडा. त्यातल्या राजकारणावर टिपण लिहायचं तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : दरोड्याच्या बेतापासून. बेत ठरतो ते प्रसंग दोनदा पाहा आणि कोणाच्या वाट्याला कुठलं काम आलं ते कागदावर उतरवून काढा. माणसं तीन. बर्क (एड बेग्ली) हा नोकरी गेलेला पोलीस. स्लेटर (रॉबर्ट रायन) तुरुंगातून सुटलेला आणि कट्टर वंशद्वेष्टा. इंग्रॅम (हॅरी बेलाफॉन्टे) नाइटक्लबातला कृष्णवर्णीय गायक, जुगारापायी कर्जात बुडालेला. बँक न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावातली. ती बंद झाल्यावर आत थांबलेल्या कर्मचाऱ्यांना खाणं पोचवायला एक कृष्णवर्णीय माणूस येतो आणि त्याच्यासाठी दार उघडतं. त्याच्या जागी इंग्रॅमने जायचं. आता या बेताचा भरवसा कशावर आहे पाहा : खाणं घेऊन आलेल्या काळ्या माणसाचा चेहरा आतला गोरा माणूस निरखून पाहणारच नाही! दरोडेखोरांना वंशभेद अगदी किल्लीसारखा कामी येतो.

खरी किल्ली मात्र त्यांना बुडवते. प्रत्यक्ष दरोड्याचा प्रसंग त्या कागदाशी ताडून पाहा आणि ठरल्यापेक्षा वेगळं पहिल्यांदा काय घडतं ते शोधा. पळायच्या गाडीची किल्ली इंग्रॅमकडे जायची असते. ऐन वेळी स्लेटर ती त्याला देत नाही, बर्कच्या हवाली करतो. बर्क बाहेर पडताना एका पोलिसाच्या नजरेस पडतो, गोळीबारात जबर जखमी होतो आणि शेवटी स्वतःवरच गोळी झाडतो. उरलेल्या दोघांना गाडीचा काही उपयोग राहत नाही.

टिपणात हा मुद्दा आधी घ्या. नुसतं 'दरोडा फसला' म्हणून भागत नाही, कारण गुन्हेगार सहीसलामत सुटलेला दाखवायला त्या काळी हॉलिवूडच्या प्रॉडक्शन कोडची, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याच्या नियमावलीची, मनाई होती. फसणार हे ठरलेलंच. तो कशापायी फसावा, हे मात्र लेखकाच्या हातात होतं.

प्रश्न : पटकथेसाठी कुठे जॉन किलन्स यांचं नाव दिसतं, कुठे एब्राहम पोलॉन्स्की यांचं. खरं कोणतं मानायचं?

उत्तर : लिहिणारे पोलॉन्स्की. १९५१मध्ये कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे त्यांनी इतरांची नावं सांगायला नकार दिला आणि ते हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेले, म्हणजे स्वतःच्या नावाने काम मिळणं बंद. बेलाफॉन्टे यांच्या हारबेल कंपनीने काम त्यांनाच दिलं. पडद्यावर मात्र नेल्सन गिडिंग यांच्या जोडीला कृष्णवर्णीय कादंबरीकार किलन्स यांचं नाव लागलं. अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संघटनेने १९९६मध्ये पोलॉन्स्कींचं श्रेय त्यांना परत दिलं. तुमच्या लेखात 'प्रदर्शनावेळचं' आणि 'दुरुस्त केलेलं' अशी दोन्ही श्रेयं द्या. जाता जाता एक : बर्कची नोकरीही चौकशीत तोंड न उघडल्यामुळेच गेलेली असते. धागा जरूर नोंदवा; बर्क म्हणजे पोलॉन्स्की असं समीकरण मांडू नका.

प्रश्न : शेवटी इंधनाच्या टाक्यांचा स्फोट होतो आणि जळालेल्या दोन प्रेतांमधला गोरा कोण, काळा कोण तेही कळत नाही. हे फार ढोबळ नाही का?

उत्तर : आहे. त्यावर 'डेड एंड'ची पाटीही दाखवली आहे, म्हणजे शंकेला जागाच नको! विल्यम मॅकगिव्हर्न यांच्या मूळ कादंबरीत हे दोघे हळूहळू एकमेकांच्या जवळ येतात. सिनेमाने तो दिलासा काढून टाकला, आणि तो निर्णय आम्हाला पटतो. वंशाच्या प्रश्नावरचं बारीक काम मात्र दुसरीकडे आहे. इंग्रॅमच्या विभक्त पत्नीच्या घरी गोऱ्या पालकांसह शाळेची बैठक भरलेली असते, आणि ते पाहून तो चिडतो. त्याला संत केलेलं नाही, इथेच सिनेमा जिंकतो. हीच नजर सगळ्यांच्या वाट्याला येत नाही : सावकारी करणाऱ्या बॅकोचा हस्तक कोको हा समलिंगी पुरुषाचा ठरीव, बायकी साचा आहे, आणि स्लेटरच्या आयुष्यातल्या दोन्ही स्त्रिया त्याच्याभोवतीच फिरतात.

प्रश्न : दिवसाच्या काही दृश्यांत आकाश काळं दिसतं. प्रिंट खराब आहे का?

उत्तर : नाही. त्या दृश्यांसाठी वाइज यांनी इन्फ्रारेड फिल्म वापरली होती. निळं आकाश तिच्यावर जवळजवळ काळं उमटतं, ढग पांढरेफटक. टीव्हीचा ब्राइटनेस वाढवू नका.