पहिल्या रोड किंवा ग्रॅव्हल सायकलला इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग घ्यावं का?

‘दुकानदार म्हणतो, थोडे पैसे वाढवून इलेक्ट्रॉनिकच घ्या, वायरचा जमाना गेला,’ असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य माझा मेहुणा गेली काही वर्षं माझ्याच घरी, माझाच चहा पीत ऐकवतोय. म्हणून लिहायला बसलो.

मेकॅनिकल घ्या, म्हणजे बॅटरी-मोटरने नव्हे, वायर ओढून गिअर बदलणारं.

शिमानो या जपानी कंपनीने २०२२ साली ‘१०५’ हा आपला गिअरसेट बारा स्पीडचा (मागे बारा चकत्या) आणला तो फक्त इलेक्ट्रॉनिक. मेहुण्याने तो घेतला आणि जाहीर केलं, ‘भावोजी, वायर मेली.’ पुढच्याच वर्षी त्याच १०५ची वायरवाली आवृत्ती आली, तेव्हा गडी गप्प. माझ्याकडे शिमानोचाच खालचा सेट, टियाग्रा, दहा स्पीड, वायर फ्रेमच्या बाहेरून गेलेली.

तर एका जानेवारीत आम्ही दोघं लोणावळ्याला निघालो. मुलुंडहून पहाटे चारला, ऐरोली पूल, पामबीच, पनवेल, खोपोली. माझं मागचं शिफ्टिंग महिनाभर ढिलं पडत होतं. मी दर रविवारी बॅरल अ‍ॅडजस्टर, म्हणजे वायरचा ताण जुळवायचा स्क्रू, अर्धा फेरा फिरवायचो आणि झालं समजायचो. वायर शिफ्टरच्या (हँडलवरच्या गिअरच्या खटक्याच्या) आत, टोकाच्या मुंडीपाशी, एकेक तार करून तुटत असते हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. खोपोली सोडली, बोरघाटाचा चढ सुरू झाला, शिंग्रोबाचं देऊळ अजून वर होतं, आणि ‘टक्’. मागची चेन धाडकन सगळ्यात लहान चकतीवर. अकरा दात. त्या चढावर अकरा दातांवर पॅडल मारून बघा एकदा. मेहुणा वर निघून गेला होता. त्याने खंडाळ्याहून चहाच्या ग्लासाचा फोटो पाठवला.

मी वळलो आणि उतारावरून परत खोपोलीत आलो. साध्या सायकलींचं एक दुकान सापडलं, पण शटर उघडलं साडेनऊला. दुकानदाराने आधी ब्रेकची वायर काढली. ती जाड, शिफ्टरच्या भोकात शिरेना. मग म्हणाला, ‘साहेब, पोरांच्या गिअर सायकलची आहे, चालेल का?’ मुंडी तीच, जाडी तीच. जुनी मुंडी आत अडकून बसली होती. त्याने स्पोक घासून केलेला टोचा काढला, ब्रेक लिव्हर दाबून धरायला मला सांगितलं, आणि दोन मिनिटं टोचत बसला. मुंडी बाहेर पडली तेव्हा तिला जेमतेम चार तारा शिल्लक होत्या, एक माझ्या बोटात घुसली. नवी वायर लांबीला कशीबशी पुरली. वायरचे आणि हाताचे मिळून शंभर रुपये. दुपारी बाराला मी खंडाळ्यात होतो.

मेहुणा अजून सांगतो, ‘भावोजींची वायर तुटली.’ हो, तुटली. शंभर रुपयांत जोडलीही. त्याच्या सोसायटीत वॉचमनने स्कूटर सरकवताना त्याची सायकल उजव्या अंगावर पडली. हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) वाकला, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) गेला. असं पडल्यावर वायरचाही डिरेलर जातोच, पण इलेक्ट्रॉनिकचा त्याच्या कितीतरी पट महाग, आणि तो खोपोलीत मिळत नाही. वाकलेला हँगर बटण दाबून सरळ होत नाही, हेही त्याला त्या दिवशी कळलं. पार्टची वाट बघण्यात तीन रविवार गेले. तिन्ही रविवारी मी त्याला चहाच्या ग्लासाचा फोटो पाठवला.

बॅटरी संपेल म्हणून घाबरवतात ते मात्र फालतू आहे. इलेक्ट्रॉनिक १०५ एका चार्जवर हजारएक किलोमीटर जातो. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या वायरलेस सेटमध्ये मागची बॅटरी संपली तर पुढची काढून मागे लावता येते. चार्जिंग विसरणारा माणूस टायरमध्ये हवा भरायलाही विसरतो.

खरा हिशोब असा की बजेट ठरलेलं असलं की शिफ्टिंगवर गेलेला पैसा चाकांच्या आणि टायरच्या दर्जातून कापला जातो. त्या पैशांत बरे टायर घ्या. रोड की ग्रॅव्हल असंही विचारलंय, तर ग्रॅव्हल, म्हणजे जाड टायरची, खराब रस्त्यावरही चालणारी. जुलैमधला ठाण्याचा घोडबंदर रोड आणि त्यातले खड्डे बघा, कारण विचारणार नाही.

आता दोन गोष्टी माझ्या विरुद्ध जाणाऱ्या. हात लहान असतील किंवा बोटांचे सांधे दुखत असतील तर इलेक्ट्रॉनिक घ्या, खुशाल. पुढचा शिफ्टर ढकलायला वायरला जोर लागतोच. आणि हल्ली कितीतरी फ्रेममध्ये वायरी हेडसेटमधून, म्हणजे हँडल जिथे फ्रेममध्ये फिरतं त्या बेअरिंगमधून, आत जातात. तसल्या सायकलची वायर आणि आउटर (वायरवरचं आवरण) दोन्ही बदलायचं म्हणजे अर्धी सायकल उघडावी लागते, तिथे माझा शंभर रुपयांचा मुद्दा बारगळतो. वायर बाहेरून दिसते अशीच फ्रेम बघा.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत वायर आणि आउटर दर दिवाळीला बदला. मी चार वर्षं बदलली नव्हती. मेहुण्याला दोन सांगितलंय.