मुळाक्षरं पाठ केली की सांकेतिक भाषा येते का?

तुम्ही विचारलंय: ऑफिसात एक कर्णबधिर सहकारी रुजू झाली आहे, तिच्याशी बोलता यावं म्हणून मी बोटांची मुळाक्षरं पाठ करतोय, एवढ्यावर भागेल का? आणि तिच्याशी वागताना काय सांभाळू?

मुळाक्षरं शिका, पण भागणार नाही. नावं, किंवा ज्याची खूण माहीत नाही असा शब्द, एवढ्यापुरती ती कामाची. अख्खं वाक्य अक्षर जुळवत सांगणं म्हणजे फोनवर 'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' करत दिवसभराची हकीकत सांगणं.

चार वर्षांपूर्वी मी पहिल्या तासाला वही-पेन घेऊन गेले होते. शिकवणाऱ्या बाई स्वतः कर्णबधिर. त्यांनी खूण केली, मी मान खाली घालून लिहायला लागले: 'उजवा हात, छातीपाशी, दोनदा...' वर पाहिलं तर बाई हात थांबवून उभ्या. पुन्हा खूण, पुन्हा मी वहीत. तिसऱ्या वेळी त्या जवळ आल्या, माझी वही मिटली आणि स्वतःच्या दोन्ही कानांत बोटं घालून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सगळे हसले. मला कळायला जरा वेळच लागला. त्या बोलत असताना मी तशीच बसले होते, कानात बोटं घालून.

तेव्हा आधी नजर. बोलता बोलता मोबाइलवर डोळा टाकणं आपल्यात खपून जातं, कारण कान चालू असतात. इथे नजर हटली की बोलणं तुटलं. आणि बघायचं हातांकडे नाही, चेहऱ्याकडे. हात आपोआप दिसत राहतात. 'तू जेवलीस' आणि 'तू जेवलीस?' यातला फरक आपण सुराने करतो, तिथे भुवया करतात. हो-नाही प्रश्नाला भुवया वर. कोण, कुठे, का विचारताना बऱ्याच सांकेतिक भाषांत त्या आक्रसतात. मी कित्येक महिने मख्ख चेहऱ्याने प्रश्न विचारत होते आणि कुणी उत्तर देईना म्हणून खट्टू होत होते. समोरच्याला ते प्रश्न वाटतच नव्हते!

हातांचंही तसंच बारीक आहे. अमेरिकन सांकेतिक भाषेत पंजा पसरून अंगठा कपाळाला टेकवला की वडील, तोच हनुवटीला टेकवला की आई. आकार तोच, जागा बदलली. हाताचा आकार, जागा आणि हालचाल यांतून शब्द घडतात, हे अमेरिकन अभ्यासक विल्यम स्टोको यांनी १९६० साली मांडलं. तोवर बहुतेक भाषातज्ज्ञ या भाषेला भाषा म्हणायलाच तयार नव्हते.

एक चूक मात्र टाळा. इंटरनेटवर पहिला दिसेल तो व्हिडिओ बघून शिकू नका; त्यातले पुष्कळसे अमेरिकन भाषेचे असतात. सांकेतिक भाषा जगभर एकच नाही. अमेरिका आणि ब्रिटन दोघांची बोली इंग्रजी, पण सांकेतिक भाषा एकमेकींना कळत नाहीत. अमेरिकन मुळाक्षरं एका हाताची, ब्रिटिश आणि भारतीय दोन हातांची. तुमची सहकारी कुठली वापरते ते तिलाच विचारा, लिहून विचारलंत तरी चालेल.

'ओठ वाचता येतात ना?' असं मात्र विचारू नका. आरशासमोर आवाज न काढता पापा, बाबा, मामा म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतील. शिवाय या प्रश्नामागे जुनी जखम आहे. १८८० साली मिलानमध्ये कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि मुलांना तोंडी बोलायलाच शिकवावं असा ठराव झाला. ठराव करणारे जवळपास सगळे ऐकू येणारे. त्यानंतर कितीतरी देशांतल्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. त्याबद्दल त्याच परिषदेने रीतसर खेद व्यक्त केला तो २०१० साली. 'मूकबधिर' हा शब्दही म्हणूनच अनेकांना खटकतो. भाषा असलेला माणूस मुका कसा?

बाकी रीतीभाती सहज अंगवळणी पडतात. लक्ष वेधायला खांद्यावर हलकेच टकटक, नजरेच्या टप्प्यात हात हलवणं, किंवा टेबलावर थाप. दोघं खुणांनी बोलत असतील आणि मधूनच वाट असेल, तर 'सॉरी सॉरी' करत थांबू नका, सरळ निघून जा. थांबलात तरच अडथळा. 'जाड झालीस' असं कुणी तोंडावर सांगितलं तर मनाला लावून घेऊ नका, आडवळणाने बोलायची तिथे फारशी रीत नाही. आणि आपल्या नावाची खूण, म्हणजे अक्षरं न जुळवता आपल्याला ओळखायची खूण, स्वतःच ठरवून टाकू नका. ती कर्णबधिर मंडळींनी द्यायची असते. माझी मिळायला दीड वर्ष लागलं.

निरोपाला मात्र वेळ हाताशी ठेवून जा. 'चला, निघते' म्हटल्यावर अर्धा तास कुठेच गेला नाही. आमच्या वर्गाचे दिवे मालवायला माणूस यायचा, तेव्हा अंधारात खुणा दिसेनात म्हणून सगळे बाहेर रस्त्यावरच्या दिव्याखाली जायचे आणि राहिलेलं बोलणं तिथे सुरू व्हायचं.