पाइपमधून जाणारी शॉक वेव्ह लवकर का विझत नाही?

शॉक वेव्ह म्हणजे आवाजापेक्षा वेगाने धावणारी दाबाची लाट. उघड्यावर स्फोट झाला की ही लाट चहूबाजूंनी पसरते म्हणून पटकन मरते, पाइपमध्ये मात्र पसरायला जागाच नसते, त्यामुळे ती लांबपर्यंत जोर टिकवून जाते. तरी कमी होतेच.

मुख्य कारण मागून येतं. समजा साध्या हवेत मॅक 2 ची, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाची शॉक आहे, सेकंदाला साधारण 686 मीटर. तिच्या मागची हवा 4.5 पट दाबाची, 220 अंशांच्या आसपास तापलेली आणि स्वतःच 430 मीटरने पुढे पळणारी, त्यामुळे त्या हवेतून मागचा दाब उतरल्याची बातमी 870 च्या वर वेगाने येते आणि शॉकला गाठून तिची हवाच काढते. स्फोट छोटा असेल तर हे लवकर होतं, मागून गॅसचा रेटा चालू असेल तर उशिरा.

दुसरं म्हणजे भिंत. घर्षण होतं, उष्णता पाइपच्या धातूत जाते, म्हणून बारीक आणि खडबडीत पाइपात लाट लवकर थकते. बेंड आणि फाटे पण जोर खातात. पण शेवटचं टोक बंद असेल तर सांभाळून, तिथे आपटून तोच दाब एकदम साध्या हवेच्या दाबाच्या 15 पट होतो!