2147483647 ही मूळ संख्या आहे हे कॉम्प्युटरशिवाय तपासता येतं का? आणि अशा संख्येचा उपयोग काय?

येतं. आणि तपासावंच.

वेंगुर्ल्याला आमच्या घरी गणपतीत लाईट गेली होती. पाऊस खळ्यात पाय ठेवू देईना, म्हणून भाच्यांना घेऊन पडवीत बसलो आणि पाठकोऱ्या कागदांवर हीच संख्या मांडली. मुंबईहून आलेला आतेभाऊ सॉफ्टवेअरमधला. म्हणाला, "लॅपटॉप आसताना ह्यां कित्याक करतंस?" 32 बिटांत (कॉम्प्युटरच्या 0-1 च्या 32 घरांत) मावणारा सगळ्यात मोठा चिन्हांकित, म्हणजे अधिक-उणे चिन्ह धरून लिहिलेला, पूर्णांक म्हणून ही संख्या त्याच्या रोजच्या कामातली. पण ती मूळ आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं!

संख्या फुटणार असेल तर एक मूळ भाजक तिच्या वर्गमुळाच्या आत सापडतोच. हिचं वर्गमूळ 46340 च्या थोडं वर. तिथपर्यंतच्या मूळ संख्या 4792. एवढे भागाकार कोण करणार? पण ही संख्या म्हणजे 2 चा 31 वा घात उणे 1. तिला मूळ भाजक असलाच, तर त्यातून 1 वजा केल्यावर 31 ने भाग जायलाच हवा. शिवाय त्या भाजकाला 8 ने भागून बाकी 1 किंवा 7 च उरायला हवी. दोन्ही अटी जुळवल्या की 248 च्या पटीत 1 किंवा 63 मिळवून येणाऱ्या संख्याच उरतात, म्हणजे फार तर 372 भागाकार. गणितज्ञ ऑयलरने 1772 मध्ये असंच सिद्ध केलं, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना.

भाजक मूळच हवा, म्हणून त्यातही गाळ निघतो. 63 आणि 249 गेल्या, दोन्हींना 3 ने भाग जातो. पहिला खरा उमेदवार 311. धाकट्या भाचीने तो भागाकार केला, बाकी 35. पुढच्या 497, 559, 745, 807, 993, 1055, 1241 सगळ्या फुटतात आणि थेट 1303 येते. एवढ्या लांब उडीवर पोरं ओरडलीच. लॅपटॉप नुसतं "मूळ आहे" म्हणाला असता, तर ही उडी त्यांना दिसली असती का? कुठले भाजक तपासायची गरजच नाही हे कळणं, हेच गणित. आतेभावाला हे अजून पटत नाही.

उपयोगाचं म्हणाल, तर हिला 2 च्या 30 व्या घाताने गुणा, परिपूर्ण संख्या (स्वतः सोडून बाकी सगळ्या भाजकांची बेरीज स्वतःएवढीच असणारी) मिळते: 2305843008139952128. मला तेवढं पुरतं. बँकेचे व्यवहार गुप्त ठेवायला शेकडो अंकी मूळ संख्या लागतात, तिथे ही फारच लहान.

एक राहिलं. ही युक्ती अशा घात-उणे-एक संख्यांनाच चालते. दुसरी कुठलीही दहा अंकी संख्या घेतलीत तर हा शॉर्टकट नाही, तिथे खुशाल लॅपटॉप उघडा.

पण हिच्यासाठी नको. घरात पोरं असतील तर त्यांना घेऊन 1303 चा भागाकार करा, बाकी 226 यायला हवी. त्यापुढचा उमेदवार त्यांनाच शोधू दे.